अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या रानात करवतीचा आवाज

कॅलिफोर्नियातल्या मॅमथ लेक्सहून या रानात जायचं तर उन्हाळ्यात दिवसा स्वतःची गाडी नेता येत नाही. स्कीच्या लॉजपाशी गाडी लावायची, रांगेत उभं राहायचं आणि शटल बसनं मिनारेट समिट ओलांडून पलीकडच्या दरीत उतरायचं. शनिवार होता, रांग हलता हलत नव्हती आणि पुतण्याचा पारा चढला होता. "काका, थेट पलीकडे फ्रेस्नोला निघेल असा रस्ताच का नाही काढला यांनी?"

तसा घाट घातला होता खरा. पण १९७२ मध्ये गव्हर्नर रोनाल्ड रेगन घोड्यावरून या डोंगरांत आले आणि रस्ता होणार नाही असं जाहीर करून गेले. संरक्षित रानांच्या मधे रस्त्यासाठी राखलेली फट कायमची बुजली ती १९८४ च्या कायद्यानं. त्याच कायद्यानं 'मिनारेट्स' रानाचा विस्तार करून त्याला निसर्गाच्या कृष्णधवल छायाचित्रांसाठी गाजलेल्या अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं नाव दिलं. गंमत अशी की सही करणारे राष्ट्राध्यक्षही रेगनच, आणि त्यांच्या पर्यावरण धोरणावर अ‍ॅडम्सनी शेवटपर्यंत सडकून टीका केली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अ‍ॅडम्स गेले. सही झाली सप्टेंबरात.

अ‍ॅग्न्यू मेडोजला उतरून थोडं चाललो की रानाची हद्द लागते. लाकडी फळी, तिच्यावर कोरलेलं नाव. बस्स.

"एवढंच?" पुतण्या म्हणाला. निदान एखादा फोटो, जन्म-मृत्यूच्या तारखा, उद्घाटन कुणाच्या हस्ते झालं ते, काहीतरी हवं ना! मी पुण्याचा. आमच्याकडे रस्त्यावरच्या बाकालाही सौजन्य कुणाचं ते लिहिलेलं असतं. त्यामुळे मलाही ती फळी जरा कोरडीच वाटली.

खाली सॅन वॉकीन नदीच्या अंगानं चालताना कानावर 'खर्रर्र, खर्रर्र' यायला लागलं. वाटेवर भलं मोठं झाड आडवं पडलेलं, आणि वनखात्याची दोन तरणी माणसं, एक मुलगा नि एक मुलगी, जुन्या वखारीत असायची तशी दोघांनी ओढायची लांब करवत चालवत होती. घामानं निथळत होती. इतक्या श्रीमंत देशात यंत्राची करवत मिळत नाही? न राहवून विचारलंच. मुलगी हसली. इथं इंजिन चालत नाही, म्हणाली.

१९६४ च्या कायद्यानं संरक्षित केलेल्या अशा रानांत रस्ता नाही, मोटार नाही, सायकलसुद्धा नाही. मग स्मारक कुठलं बांधणार? म्हणजे या माणसाच्या नावानं जे काही करतात ते एवढंच की इथं काही करत नाहीत, आणि तेवढ्यासाठी दोन माणसं तासभर करवत ओढतात. अ‍ॅडम्सना हे पटलं असतं. योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात टेनाया तळ्याकाठचा गुळगुळीत खडक सुरुंगानं फोडून टायोगा रस्ता रुंद केला, तेव्हा ते भयंकर संतापले होते. जॉन म्यूर ट्रेलवरचं त्यांचं १९३८ चं छायाचित्रांचं पुस्तक मंत्री हॅरल्ड इकीस यांच्यामार्फत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टपर्यंत पोचलं, आणि किंग्ज कॅनियन राष्ट्रीय उद्यान १९४० मध्ये झालं त्यात त्या पुस्तकाचा मोठा हात होता. मी खोडावर बसून कापणं पूर्ण होईपर्यंत बघत राहिलो. पुतण्या सारखा घड्याळ बघत होता. शेवटची बस चुकली असती तर आमचे हाल होते, हे कबूल.

पुढची चढण वळणावळणाची आणि उघडी. ऊन मी म्हणत होतं. शॅडो लेकला डासांनी फोडून काढलं; कशाला बसायचं नि कशाला डबा उघडायचा! पण समोर रिटर आणि बॅनर ही शिखरं होती, बर्फाचे पट्टे अंगावर घेऊन, तेव्हा उभ्या उभ्या पराठे खाल्ले.

पुतण्यानं मोबाइलवर फोटो काढले आणि साहेबांचा मान म्हणून ते कृष्णधवल केले. आकाश नुसतं राखाडी पडलं. त्याला सांगितलं की १९२७ मध्ये योसेमिटीतल्या हाफ डोम कड्याचं ते गाजलेलं छायाचित्र काढताना अ‍ॅडम्सनी भिंगावर गडद लाल फिल्टर चढवला होता, म्हणून निळं आकाश जवळजवळ काळं उतरलं. "मोबाइलला कुठं मिळतो तो?" म्हणत त्यानं तेच फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. नेटवर्क आल्यावर दादाचं उत्तर दिसलं: "फार ढगाळ होतं का रे तिकडे?"