नोंद ३ : तिसरी बस, लळिंगचा घाट आणि पायरीजवळचा पत्रा

रविवारी धुळ्याला साक्री रोडला तिसरी बस बघून आलो. टोकन दिलंय, पण अटी घालून. सगळं सविस्तर लिहितो, कारण जुनी छोटी स्कूल बस घेऊन तिचं फिरतं घर करायचं मनात असलेले आपल्याकडे बरेच जण आहेत आणि प्रत्येक जण इंजिनापासून सुरुवात करतो. मीही तेच करत होतो.

पहिल्या दोन बसचं थोडक्यात सांगतो. चोपड्याकडची बस दिसायला चांगली होती, पण आरसीवरचा चॅसीचा (गाडीच्या खालच्या लोखंडी चौकटीचा) नंबर आणि लोखंडावर ठोकलेला नंबर यांत एक आकडा जुळेना. मालक म्हणाला, लिहिताना चूक झाली असेल. असेलही, पण ती चूक मी विकत घेणार नाही. पारोळ्याची बस नव्या कोऱ्या पिवळ्या रंगात उभी होती. फ्रिजवर लावायचं साधं चुंबक खिशात होतं, ते चाकांवरच्या पत्र्याला चिकटेना. रंगाखाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली होती, बोटभर जाड. तिथूनच परत फिरलो.

तिसऱ्या बसला मामांना सोबत नेलं. मामा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेत, ऐन उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बसखाली पडून काढली. आदल्या रात्री मी मालकाला, म्हणजे आप्पांना, फोन करून सांगितलं होतं की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. तरी मामांनी पोहोचल्याबरोबर मला सांगितलं, "पहिले हात लाव, मंग चावी फिराव." बॉनेट थंड होतं. आप्पांनी शब्द पाळला होता, आणि त्यांच्याशी पुढचं बोलणं त्यामुळेच सोपं गेलं.

गाडी २०१३ ची आहे, बीएस-३ (धुराचं जुनं मानक), डिझेल, ट्रकच्या चॅसीवर बाहेरच्या बॉडी बिल्डरने बांधलेली. छोट्या स्कूल बस आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकारच्या मिळतात. फोर्स ट्रॅव्हलरसारखी गाडी कारखान्यातूनच बंद पत्र्याची बॉडी घेऊन येते. टाटा ४०७ च्या जातीच्या चॅसीवर मात्र चौकोनी पाइपांचा सांगाडा उभा करून बाहेरून पत्रा आणि आत प्लायचा फ्लोअर टाकतात. मला दुसरा प्रकार आवडतो. सांगाडा उघडा पडतो, कुठलाही पाइप बदलता येतो, आणि वेल्डिंगवाला साक्रीतही मिळतो नि शिरपूरलाही. पण अशा बांधणीत खरी परीक्षा फ्लोअरची असते. या नोंदीत मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

खानदेशातली गाडी म्हणजे गंज नाही, असं आपण सगळेच धरून चालतो. ट्रकच्या बाबतीत ते बऱ्यापैकी खरं आहे. कोकणातल्या गाडीची चॅसी आणि आपल्याकडची चॅसी शेजारी ठेवली तर फरक दिसतो. स्कूल बसला मात्र हा हिशेब लागू होत नाही. ती रोज आतून धुतली जाते. सांडलेले डबे, उलट्या, पावसाळ्यात बुटांना चिकटून आलेली काळी माती, सगळं पाइप लावून धुतात. पाणी रबरी मॅटिंगखाली जातं आणि प्लायमध्ये मुरून राहतं. काळी माती ओल सोडत नाही हे शेतकऱ्याला सांगायला नको. पायरीजवळ, चाकांवरच्या कप्प्यांच्या कडेला आणि शेवटच्या सीटखाली ती साचते आणि लोखंड आतून खाते. त्यात २०२० च्या मार्चपासून शाळा बंद होत्या, तेव्हा या बस महिनोन्महिने एकाच जागी उभ्या राहिल्या. ही बस तर कडुलिंबाखाली उभी होती. छतावर पालापाचोळा साचला, निचऱ्याची पन्हाळ तुंबली आणि पाणी आत आलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात छताच्या प्लायवर चहासारखे डाग आहेत ते त्याचेच.

मामांनी पायरीजवळचं मॅटिंग हातभर उचललं. स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो मुठीपर्यंत आत गेला. "दख. हाऊ पत्रा नही, हाऊ पापड शे." मग ते खाली शिरले आणि मला वरून हातोडीने ठोकत पुढून मागे जायला सांगितलं. चांगलं लोखंड टणटण वाजतं, सडलेलं भदभद. प्रत्येक भदभद आवाजाच्या जागी मी खडूने गोल काढत गेलो. सात गोल झाले, त्यातले पाच पायरी आणि डाव्या मागच्या चाकाच्या आसपास. चॅसीचे दोन्ही लाँग मेंबर, म्हणजे पुढून मागे जाणारे मुख्य बीम, मात्र स्वच्छ निघाले. तडा नाही, वेल्डिंगचं ठिगळ नाही, रिव्हेट घट्ट. बॉडीचे दोन आडवे पाइप आणि पायरीची चौकट बदलावी लागेल, बाकी फ्लोअर उघडून सँडब्लास्ट करून रंग द्यावा लागेल. हे काम मला येतं, म्हणून मी थांबलो. लाँग मेंबरवर एक जरी तडा असता तर इंजिन सोन्याचं असलं तरी मी घेतली नसती.

मीटरवर १,१८,००० किलोमीटर. मला कमी वाटलं. पण शाळा वर्षाला साधारण २२० दिवस, रोजची फेरी ५० किलोमीटर धरली तर वर्षाला ११,००० होतात. बंद शाळांचा काळ वजा केला तर आकडा पटतो. मामांची खूण वेगळी आहे: "मीटर खोटं बोलस, पेडल नही." क्लचच्या पेडलचं रबर मधोमध झिजून गुळगुळीत झालेलं, ब्रेकचं त्याहून थोडं कमी. स्कूल बसचं असंच असतं. किलोमीटर थोडे, पण थांबा-निघा हजारो वेळा. म्हणून क्लच, स्टार्टर, दुसरा गिअर आणि दाराच्या बिजागऱ्या आधी जातात. दुसरा गिअर उतरताना इथेही थोडा अडतो.

आता इंजिन. गार असताना सेल मारला, तिसऱ्या फेरीत चालू झालं. सुरुवातीला पांढरट धूर, अर्ध्या मिनिटात गेला. निळा धूर अजिबात नाही, म्हणजे ऑइल जळत नाहीये. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण उघडलं आणि तोंडावर उलटं ठेवलं. थोडं थरथरलं, उडालं नाही. पिस्टन-रिंगांतून हवा फार खाली उतरत नाहीये, एवढा अंदाज यातून येतो. डिझेल पंप साधा यांत्रिक आहे. सातपुड्यात कुठे अडकलो तरी संगणकाशिवाय दुरुस्त होईल, हे माझ्यासाठी मोठं आहे. चिंता वाटली ती रेडिएटरची. इंजिन गार असतानाच झाकण उघडलं होतं, आत पांढरा थर. कूलंट न घालता वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं. आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड असतं ते घरच्या गिझरला विचारा. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा हा रेडिएटर पुरणार नाही. काढून रॉडिंग, म्हणजे नळ्यांत सळ्या घालून आतला थर काढणं, करून घेणं भाग आहे.

सपाट रस्त्यावर कुठलीही गाडी चांगलीच वाटते. मामा म्हणाले, "घाटमा दखूत." आप्पांनाही सोबत घेतलं आणि मुंबई-आग्रा रस्त्याने लळिंगपर्यंत गेलो. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबलं. आवाज वाढला आणि वेग नाही वाढला तर क्लच घसरतोय. तसं झालं नाही. किल्ला डाव्या-उजव्या अंगाने दिसत राहिला, माझं लक्ष मात्र सगळा वेळ तापमानाच्या काट्यावर. अर्ध्याच्या वर सरकला, पण लाल पट्टीत गेला नाही. वर थांबून खाली बघितलं, कुठे गळती नाही.

एक सांगतो, नवख्या माणसाची इथे फसगत होते. परतताना गाडी साठीच्या आसपास येऊन गुदमरल्यासारखी अडली. मला वाटलं डिझेल फिल्टर किंवा पंप. तसं नव्हतं. केंद्राच्या नियमात स्कूल बसला ताशी ६० किलोमीटरचं स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग रोखणारं यंत्र, लागतं, ते काम करत होतं. या कारणावरून चांगली गाडी नाकारू नका, आणि "इंजिन कमजोर आहे" म्हणून भावही पाडू नका, ते खोटं होईल.

उतारावर स्टिअरिंग उजवीकडे ओढत होतं. परत आल्यावर पुढचं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली धरून हलवलं, खटखट आली. मी ब्रेक दाबून धरला तरी खटखट राहिली, म्हणून चाकाचं बेअरिंग नाही, किंगपिन, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती. दोन्ही बाजूंचं किट आणि बुश बदलावे लागतील. स्प्रिंगच्या पाट्यांत मागचा एक पाटा तुटलेला होता. टायरवर खाचा खोल, दिसायला नवेच. पण बाजूला कोरलेले शेवटचे चार अंक बघा. ३११९ म्हणजे २०१९ सालचा ३१ वा आठवडा. सहापैकी चार टायर त्या वयाचे, बाजूंना बारीक भेगा. सहाही बदलायचे असं धरूनच हिशेब केला.

आता आतली जागा. सीट असतानाच मापं घेतली. ड्रायव्हरच्या मागे चौदा फूट लांबी, सहा फूट रुंदी, उंची ५ फूट १० इंच. मी ५ फूट ७ इंच आहे. खाली प्लाय आणि इन्सुलेशन मिळून दीड इंच, वर अस्तराचा अर्धा इंच, म्हणजे डोक्यावर एकच इंच उरतो. म्हणून फ्लोअरला इन्सुलेशन देणारच नाही, बारा मिलिमीटरचा प्लाय पुरे. आपल्याकडे उष्णता वरून येते. छताच्या पाइपांमधली पोकळी आहे तेवढी पूर्ण फोमने भरायची आणि छत पांढरं रंगवायचं, बाकी जमेल तसं. खिडक्यांचे आडवे गज मी काढणार नाही. मुलांनी हात बाहेर काढू नये म्हणून ते लावलेले असतात. मला त्यांच्यामुळे रात्री काच उघडी ठेवून झोपता येईल. आपत्कालीन दार उजव्या बाजूला आहे, तिथे ओटा येईल. आईला फोटो दाखवला तर तिचा पहिला प्रश्न, भाकरी थापायला जागा कुठे? खडूने आखून तिला दाखवणार आहे.

वजनाचाही हिशेब लिहून ठेवलाय. वीस मुलं प्रत्येकी ३५ किलो धरली तरी ७०० किलो होतात, त्यात सीट वेगळ्या. माझ्या सामानाला मी ६०० किलोची मर्यादा घातली आहे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, अठरा मिलिमीटर प्लायचा आठ बाय चारचा एक तक्ता साधारण ३५ किलो. फर्निचर जाड प्लायचं केलं तर ही मर्यादा कधी ओलांडली ते कळतही नाही.

कागदांवर मात्र मी सर्वांत कडक आहे. आरसीवर अजून बँकेचा बोजा आहे. कर्ज फिटलंय, पण फॉर्म ३५ देऊन तो उतरवलेला नाही. फिटनेस सर्टिफिकेट संपलंय. परिवहन गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, त्यामुळे उभ्या गाडीचं ते हमखास संपलेलं असतं. आणि मूळ प्रश्न रूपांतराचा. सीट काढल्या, शेगडी बसवली की झालं, असं बरेच जण समजतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल परस्पर करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन २००४ च्या केंद्राच्या अधिसूचनेत बिगर-परिवहन गटात आहे, म्हणजे दार बंद नाही. पण स्कूल बसमधून तिथपर्यंत जायला आरटीओची मंजुरी आधी आणि कटर नंतर. म्हणून मी मापांसह आराखडा आणि लेखी अर्ज तयार केलाय. लेखी उत्तर येईपर्यंत बसच्या बॉडीचा एक बोल्टही काढणार नाही. पिवळा रंग आणि "स्कूल बस" ही अक्षरंही जातील, आणि रंगबदलाची नोंद आरसीवर होईल. मुलं नसलेली गाडी त्या रंगात फिरवणं मला बरोबर वाटत नाही.

आप्पांनी ३,४०,००० सांगितले होते. मी भाव पाडायला बसलो नाही. खडूचे सात गोल दाखवले, किंगपिन हलवून दाखवली, टायरचे अंक वाचून दाखवले. मामा म्हणाले, "आप्पा, इंजिन चांगलं शे, त्याना पैसा लेवा. पन फ्लोअरना पैसा कसा लेशात?" आप्पा बराच वेळ गप्प राहिले, मग २,८०,००० वर आले. दहा हजार टोकन दिलं आणि कागदावर लिहून घेतलं: बोजा आप्पा उतरवतील, फिटनेस आप्पा करून देतील, त्यासाठी लागणारं किंगपिनचं काम अर्ध्या-अर्ध्या खर्चात; मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या त्यानंतर, उरलेली रक्कम सह्यांच्या दिवशी. आरटीओचं उत्तर नकारार्थी आलं तर टोकन परत. शेवटची अट मान्य करायला त्यांना दोन कप चहा लागला.

पुढच्या रविवारी सर्व्हिसिंगच्या रॅम्पवर घेऊन मागचा डिफरन्शियल आणि ब्रेकचे ड्रम उघडून बघणार आहोत, ते या वेळी राहिलं. कन्नड घाट चढून बघायचाही विचार आहे, लळिंग तसा लहानच. धुळे, मालेगाव किंवा जळगावात रेडिएटरचं रॉडिंग नीट करणारं कुणी माहीत असेल, त्याने आतला क्षार खरंच निघाला असेल, तर मला कळवा. किंगपिन किटचा सध्याचा भावही हवा आहे.