घोटभर पाणी
आईच्या पंढरीच्या चार वाऱ्या झाल्यात, त्यामुळे चालण्यात ती मला ऐकत नाही. मँचेस्टरला माझ्याकडे आली तेव्हा आठव्या दिवशीच विचारलं, "इकडे पायी कुठे जात नाहीत का रे?"

जातात की. उत्तर वेल्समध्ये होलीवेलजवळून निघायचं ते एन्ली बेटापर्यंत, सुमारे २१० किलोमीटर. आम्ही शेवटचे तीन दिवस तेवढे चाललो.

एन्लीच्या तीन वाऱ्या म्हणजे रोमची एक, असा जुना हिशेब. बेटावर वीस हजार संत पुरलेत म्हणतात. "एवढ्याशा बेटावर?" आई म्हणाली. अबरदारॉन गावात, होडीत बसण्याआधी यात्रेकरूंना जेवू घालायचे ते घर अजून उभं आहे. त्याचं नावच 'मोठं स्वयंपाकघर'. आता तिथे पैसे मोजून चहा घ्यायचा.

होडी आमच्या नशिबी नव्हती. वारा सुटला होता, नावाडी नको म्हणाला. समोरचं बेट जेमतेम तीन किलोमीटरवर, पण मधले प्रवाह भारी वाईट. म्हणून तर भूमीच्या या टोकावर माइरचं, म्हणजे मेरीमातेचं, चॅपल होतं. सुखरूप पलीकडे पोचव, असं तिला सांगायचं आणि निघायचं.

आता भिंत एकही नाही. गवताखालून पायाच्या रेषा तेवढ्या वर आल्यात, त्यावर मेंढ्यांच्या लेंड्या. मी तर सरळ ओलांडून पुढे गेलो. मागून हाक आली, "अरे, उंबऱ्यावर पाय दिलास!"

"दार इथेच होतं कशावरून?"

"समोर बेट दिसतंय ना."

यावर काय बोलणार?

खाली कड्याच्या कपारीत माइरचा झरा आहे. भरतीला समुद्राखाली जातो, ओहोटीला उघडा पडतो, तरी पाणी गोडं. तिथला एक घोट तोंडात धरून, न गिळता वर आणायचा आणि चॅपलला प्रदक्षिणा घालायची; मनातलं पुरं होतं. खडक निसरडा, आईला वरच बसवलं. मी बसत-सरकत उतरलो, ओंजळीतून तोंड भरून घेतलं आणि गाल फुगवून चढू लागलो. अर्ध्यात नाकाने श्वास पुरेना. कसाबसा माथ्यावर आलो.

"गोडं आहे का रे खरंच?" आईने विचारलं.

"हो," मी म्हणालो.

आईने घड्याळ पाहिलं. "ओहोटी आहे तोवर जा परत."