लाल दिवा लागत नाही तेव्हा

कांद्याला पाणी भरायची पाळी रात्रीची आली की गोदाकाठच्या गावांत दिवेलागणीला दोन वस्तू चार्जिंगला लागतात. एक मोबाईल आणि दुसरी बॅटरी, म्हणजे हातातला टॉर्च. मोबाईल चार्ज झाला नाही तर फार तर बोलणं राहतं. बॅटरी नसेल तर उसाच्या कडेने बांधावरून चालताना पाय कुठे पडतोय आणि समोर काय बसलंय ते कळत नाही. नाशिकच्या निफाडकडे समोर बिबट्याही बसलेला असू शकतो. त्यामुळे केबल खोचूनही लाल दिवा लागला नाही की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "सेल गेला." दुसरं तर त्याहूनही ठरलेलं, "नवीन घेऊन टाकू."

सेल बिचारा बहुतेक वेळा शाबूत असतो. भिंतीतला प्लग, अडॅप्टर, केबल, जॅक, आतली चार्जिंगची पट्टी (सर्किट बोर्ड), स्प्रिंग आणि मग सेल, अशी ही रांग आहे. सेल उभा सगळ्यांच्या मागे, पण संशय मात्र आधी त्याच्यावर. तपासणी रांगेच्या पुढच्या टोकाकडून केली तर निम्म्याहून जास्त वेळा पेचकस हातात घ्यावाच लागत नाही.

प्लगमध्ये वीज आहे का, हे मोबाईल लावून कळतं. केबल बदलून पाहावी. वर्षभर ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर लोळलेल्या केबलमधली तार टोकाशी तुटलेली असते आणि वरचं रबर मात्र धडधाकट दिसतं. सी-टाईपच्या जॅकची एक वेगळीच गंमत आहे. दोन्ही टोकांना सी असलेली, मोबाईलबरोबर आलेली भारी केबल लावली तर बॅटरी ढिम्म. तीच जुन्या, चपट्या चौकोनी तोंडाच्या अडॅप्टरला जुन्या केबलने लावली की लगेच लाल दिवा. सी-ते-सी जोडणीत अडॅप्टर आधी समोर कुणी आहे का ते चाचपतो. त्यासाठी बॅटरीतल्या जॅकमागे ५.१ किलोओहमचे दोन चिमुकले रेझिस्टर लागतात, आणि स्वस्त मालात नेमके तेच गाळलेले असतात. अडॅप्टरला समोर कुणी दिसत नाही, म्हणून तो ५ व्होल्ट सोडतच नाही. इथे दुरुस्त करण्यासारखं काही नाही, जुनी केबल जपून ठेवायची एवढंच.

मग जॅक. मोबाईलच्या उजेडात आत डोकावलं तर खिशातला कापूस, माती आणि घामाचा दाबून बसलेला गोळा दिसतो. तो लाकडी दातकोरणीने कडेकडेने उकरून काढावा. सुई, टाचणी किंवा सेफ्टी पिन नको. सी-टाईपच्या मधोमध जी पातळ जीभ असते, तिच्या दोन बाजूंना मिळून २४ संपर्क असतात. सुईने दोन जोडले गेले की आतली पट्टी जळते, आणि जीभच मोडली तर जॅक बदलण्यावाचून गत्यंतर नाही. फुंकरही मारू नये, तिच्यातली वाफ आतच राहते. हाताने दाबायचा रबरी फुगा बरा.

इथवर सगळं ठीक असेल तर बॅटरी उघडावी, आणि नाशिकची खरी घाण इथेच भेटते. शहरात वापरलेल्या बॅटरीत धूळ निघते. द्राक्षबागेत फिरलेल्या बॅटरीत भुरी रोगासाठी मारलेलं गंधक आणि डाऊनी रोगासाठी मारलेलं बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, निघतं. आटे उघडताना करकर आवाज आला तर तो बोर्डोतला चुना समजावा. मागच्या टोपीतली स्प्रिंग काळी पडलेली असते. गंधक तांब्या-पितळेला लागलं की त्याचं काळं सल्फाईड होतं आणि हा थर वीज नीट जाऊ देत नाही. स्पिरिटने वरची धूळ निघते, हा थर निघत नाही. त्याला शाळेतलं साधं खोडरबर लागतं. स्प्रिंगच्या टोकावर, सेलच्या बुडावर आणि वरच्या बोंडावर, म्हणजे धन टोकावर, ते घासायचं. धातूची चमक दिसली की थांबायचं. पॉलिश पेपरने काम लवकर होतं खरं, पण वरचा निकेलचा मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

निळसर-हिरवी बुरशी दिसली तर ती मोरचुदाची करणी. मोरचूद लोखंडी बादलीत भिजवत नाहीत हे बागायतदाराला शिकवावं लागत नाही, मग बॅटरीच्या ॲल्युमिनियमच्या नळकांड्याला तो सोडेल कशाला? कापसाची काडी लिंबाच्या रसात जेमतेम ओली करून हिरवा डाग पुसावा, तोही फक्त सुट्या केलेल्या टोपीवर, पट्टीच्या आसपास नाही. नंतर आयसोप्रोपाईल अल्कोहोलने दोनदा पुसून घ्यावं, नाहीतर लिंबाचं आम्ल मागे राहून तेच धातू खात बसतं. हे अल्कोहोल ९९ टक्क्यांचं मिळतं, एम. जी. रोडला मोबाईल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे मागावं. सॅनिटायझर चालत नाही, त्यातला चिकटपणा मागे राहतो. रॉकेल आणि पेट्रोल तर नकोच, दोन्हींनी आतलं रबरी कडं फुगतं.

एक जागा सगळ्यांच्या नजरेतून सुटते, ती म्हणजे नळकांड्याची गोल कड. ज्या बॅटरीचं बटण मागच्या टोपीत असतं, तिच्यात वीज सेलच्या बुडापासून टोपीत आणि टोपीतून नळकांड्याच्या याच उघड्या कडेवर येते. बाकी अंगाला रंगाचा थर असतो, त्यातून वीज जात नाही. अर्ध्या मिलिमीटरची ती कड काळी पडली की बॅटरी कधी लागते, कधी नाही, आणि माणूस तिला तळहातावर आपटत बसतो. कड स्वच्छ पुसावी, आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं अगदी पातळ बोट लावावं, आणि दहा-पंधरा मिनिटं सगळं उघडं वाळू द्यावं.

आता सेलची पाळी. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल तार बोंडाला आणि काळी बुडाला लावायची. ४.२ म्हणजे भरलेला. ३ ते ४.२ मध्ये काहीही दिसलं तर सेलवर संशय घेण्याचं तूर्त कारण नाही, दोष पट्टीत किंवा तिच्या सोल्डरमध्ये शोधावा. २.५ ते ३ च्या दरम्यान असेल तर घाई करू नये. या बॅटऱ्यांत सर्रास सापडणारी टीपी ४०५६ ही चार्जिंगची चिप २.९ व्होल्टच्या खाली नेहमीच्या दहाव्या हिश्श्याइतकाच करंट सोडते. दिवा लागतो, पण बराच वेळ हालचाल दिसत नाही. मीटरवर चक्क शून्य आलं आणि सेलच्या बुडाशी संरक्षणाची गोल चकती असेल, तर त्या चकतीने वाट बंद केलेली असू शकते. चार्जर लावल्यावर ती बहुधा उघडते.

बिनचकतीचा सेल २ व्होल्टच्या खाली महिनोन्महिने पडून राहिला असेल तर त्याला जागवू नये. आतल्या तांब्याच्या पत्र्याचं तांबं विरघळतं आणि चार्ज करताना भलत्याच ठिकाणी जमतं, त्यातून आतल्या आत शॉर्ट होतो. दुसऱ्या सेलची तार जोडून 'एक झटका' द्यायची युक्ती गावोगावी चालते. झटक्याने सेल जागाही होतो. पेटतो तो नंतर, गोठ्यात किंवा उशाशी चार्जिंगला लावलेला असताना. वरचं प्लास्टिक बोंडापाशी फाटलेला सेलही असाच बाद समजावा. सेलचा सगळा पत्रा ऋण असतो, आणि बोंड व पत्रा यांच्यामध्ये एक कागदी चकती तेवढी असते.

मागून दोन पिना बाहेर सरकणाऱ्या जुन्या बॅटऱ्यांची जात निराळी. त्यांत ४ व्होल्टचा शिसे-आम्लाचा डबा असतो, आणि रिकामा ठेवला की तो आतून कडक होऊन मरतो. त्यांच्यात बहुतेकदा ट्रान्सफॉर्मर नसतो, २३० व्होल्ट नुसत्या कपॅसिटरवरून आत येतात. प्लगमध्ये असताना त्यांना पेचकस लावायचा नाही, आणि काढल्या काढल्या पिनांना बोट लावायचं नाही.

नवा सेल घेताना वर ९९०० एमएएच (वीज साठवायची क्षमता) लिहिलंय म्हणून खूश होऊ नये. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब अशा या १८६५० मापाच्या सेलमध्ये साडेतीन हजार एमएएचच्या फारसं पुढे काही मावत नाही. अस्सल सेल साधारण ४५ ते ५० ग्रॅम भरतो. पंचवीस-तीस ग्रॅम भरला तर आत सेल कमी आणि हवा जास्त. सराफ बाजारात ओळख असेल तर काट्यावर टाकून बघावा.

काम नसताना बॅटरी पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नये, ३.७-३.८ व्होल्टवर, म्हणजे निम्मी भरून, कोरड्या जागी ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघावी. औषधांच्या खोलीत तर ठेवूच नये, गंधक तिथे झाकणातूनही पोचतं.

बाद सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावावी. शहरात तो घंटागाडीत टाकू नये, दाबलेल्या कचऱ्यात सेल चेपला की पेट घेतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे वापरलेले सेल परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा जिथून नवा घेतला तिथेच जुना घ्यायला लावावा, नाहीतर ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा. छाटणीच्या काड्या पेटवताना त्यांच्यात मात्र टाकू नये.