तीनचा भोंगा

"किती वाजले रे बाळा?"

मोबाईल बघून म्हटलं, "तीन वाजून दहा मिनिटं. ४२ डिग्री दाखवतंय मामा, सावलीत बसा."

"गिरणी असती तर विचारावं लागलं नसतं. तीनचा भोंगा झाला असता."

बोलताना त्यांची बोटं पंच्याचा सुटलेला दोरा पीळ देऊन जोडत होती. नजर माझ्याकडे, गाठ मात्र पक्की बसली!

सोलापूरची जुनी मिल १८७७ सालची. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर डबा भरायचा, अख्ख्या गावाची वेळ एकच. ऊन आजही तेच, जीव काढणारं. पण त्या बोटांकडे बघून दुपारभर पोटात तुटत राहिलं.

तुमच्या घरात कुणाला आठवतो का तो भोंगा?