तुम्ही विचारलंत म्हणून : परदेशी पोस्टडॉकसाठी अर्ज कुठे करावा?

प्रबंध सादर करून मोकळे झालेले तरुण संशोधक मला हमखास एक प्रश्न विचारतात : इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान अशा विषयांत परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे ठरावीक मुदतीचे संशोधन, करायचे असेल, तर कोणत्या फेलोशिपसाठी अर्ज करावा? माझे उत्तर ऐकून काहींची निराशा होते, कारण मी आधी फेलोशिपचे नाव सांगत नाही. तुम्हाला कोणाशी वाद घालायचा आहे, असे उलट विचारतो.

यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. माझा पहिला अर्ज म्हणजे प्रबंधाचा दहा पानी सारांश होता. तो नाकारला गेला, आणि हे काम याच संस्थेत का करायचे ते अर्जावरून कळत नाही, असा शेरा त्यावर होता. तेव्हा तो शेरा जिव्हारी लागला. आज तो मला पूर्णपणे रास्त वाटतो. आपल्याला संशोधन करता येते हे प्रबंधाने सिद्ध केलेलेच असते. पोस्टडॉकच्या अर्जाला हवा असतो पुढचा प्रश्न, आणि तो प्रश्न ज्यांच्या सहवासात पुढे सरकेल अशी माणसे.

माणसे असे मी जाणूनबुजून म्हणतो. तिथल्या संग्रहात अमुक हस्तलिखिते आहेत, हे कारण बहुतेक जण देतात. पण दफ्तरे पाहायला दोन-तीन महिन्यांचे छोटे प्रवास-अनुदान पुरते, आणि पुष्कळदा छायाप्रतींवरही भागते. ती लिपी चाळीस वर्षे वाचत आलेल्या अभ्यासकाशेजारी बसून आपले वाचन तपासून घेणे मात्र छायाप्रतींवर होत नाही, आणि फेलोशिपची दोन वर्षे त्यासाठीच खर्चावीत असे माझे ठाम मत आहे.

मोठ्या योजनांचे नियमही हेच गृहीत धरतात. जर्मनीच्या हम्बोल्ट प्रतिष्ठानाची पोस्टडॉक फेलोशिप 6 ते 24 महिन्यांची असते. तिथे देश किंवा विषय यांनुसार कोटा नाही, पण यजमान प्राध्यापक, म्हणजे ज्याच्याकडे जाऊन काम करायचे तो, अर्जदारानेच शोधायचा असतो. जपानच्या जेएसपीएस (विज्ञान-संशोधनाला प्रोत्साहन देणारी संस्था) फेलोशिपच्या खुल्या फेरीत तर अर्ज यजमान संशोधकच आपल्या संस्थेमार्फत पाठवतो. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिपमध्ये 50 टक्के गुण संशोधनाच्या गुणवत्तेला असतात, आणि त्यातच तुम्ही यजमानांकडून काय शिकाल व त्यांना काय द्याल, हेही तपासले जाते. या शेवटच्या योजनेत एक नियम अनेकांना फार उशिरा कळतो : अंतिम तारखेआधीच्या 36 महिन्यांत तुम्ही यजमान देशात 12 महिन्यांहून अधिक काळ राहिला किंवा काम केले असेल, तर अर्ज सहसा अपात्र ठरतो. पीएच.डी. ज्या देशात केली तिथेच थांबू इच्छिणाऱ्यांनी हे आधी मोजून पाहावे.

म्हणून खरी सुरुवात अर्जाने होत नाही, यजमानाला लिहिलेल्या पहिल्या पत्राने होते, आणि ते अंतिम तारखेच्या किमान सहा महिने आधी जायला हवे. त्यात ‘आपल्या मार्गदर्शनाखाली काम करण्याची इच्छा आहे’ एवढेच लिहून सोबत लांबलचक परिचयपत्र जोडले, तर उत्तर येण्याची आशा कमीच. त्यांच्या एखाद्या लेखातला नेमका कोणता मुद्दा तुम्हाला पटत नाही, तुमच्या हाती असलेली साधने वेगळे काय सांगतात, आणि ती साधने तुम्ही मूळ भाषेत वाचता की भाषांतरातून, हे दीड पानात लिहावे.

दुसऱ्या वेळी मी असे पत्र लिहिले. उत्तर यायला पाच आठवडे लागले. ते चार पानी होते, आणि माझ्या वाचनातल्या दोन चुका त्यात पुराव्यांसह दाखवल्या होत्या. अर्ज मी त्या दोन चुकांपासूनच लिहायला घेतला.