जन्मताना कसं होतं?

अमळनेरजवळच्या एका छोट्या दवाखान्यात मी अकरा वर्षं बाळंतपणं करते. मागच्या मे महिन्यात रात्री दोनला एक मुलगा झाला. तीन किलो दोनशे, लगेच रडला. तपासणीच्या कागदावर मी नेहमीसारख्या सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा मारल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आजी तेल लावत होती. मला हाक मारून म्हणाली, "माय, हाई एक बाजू दगडसारखी कडक का लागी ऱ्हायनी?" लंगोट सोडून बघितलं. अंडकोशाची डावी बाजू सुजलेली, निळसर-काळपट. दाबलं तरी बाळ रडेना, आईजवळ दिलं की निवांत दूध ओढायचं. त्यामुळेच माझ्या पोटात गोळा आला. बारा-चौदा वर्षांच्या मुलाची गोटी, म्हणजे वृषण, आतल्या आत पीळ पडून फिरली तर तो लोळतो, ओकतो. नवजात बाळ बऱ्याचदा काहीच सांगत नाही.

मागून टॉर्च धरली. नुसतं पाणी असतं तर लालसर उजेड आरपार दिसला असता. इथे अंधार.

डॉक्टरांनी जळगावच्या लहान मुलांच्या सर्जनला फोन लावून माझ्याच हातात दिला. त्यांचा पहिलाच प्रश्न, "जन्मताना कसं होतं?"

मला सांगता आलं नाही. खूण होती, पण बोटांना काय लागलं होतं ते आठवेना. खरं तर त्या रात्री मी तिथे हात लावला होता का, हेच नक्की नव्हतं. जन्मतःच कडक असेल तर पीळ आईच्या पोटातच पडलेला असतो, गोटी वाचायची आशा फार थोडी, आणि घाई किती करायची यावर सर्जनमंडळींतही दोन मतं. जन्मताना मऊ असून नंतर बदललं असेल तर मात्र एकेक तास मोलाचा. माहीत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, "मग तातडीचंच धरू. शेवटचं दूध कधी पाजलं ते लिहा आणि निघा."

धरणगावमार्गे गाडी गेली. डॉपलर सोनोग्राफीत डावीकडे रक्तप्रवाह दिसलाच नाही. जांघेतून चीर घेऊन बघितलं, तर गोटी काळी पडलेली. मोठ्या मुलांत ती आपल्याभोवतीच्या पातळ पडद्याच्या पिशवीत फिरते. नवजात बाळाची पिशवीच अजून आजूबाजूला चिकटलेली नसते, म्हणून पिशवीसकट गोटीला रक्त पुरवणारी अख्खी दोरी पिळते. डावी काढावी लागली. उजवी चांगली होती, ती टाके घालून जागेवर बसवली, कारण तीही पिळली असती तर हातात काहीच उरलं नसतं.

आजीने सर्जनला तोंडावरच विचारलं, "याले पुढे पोरंसोरं व्हतीन ना?" ते म्हणाले, "एक चांगली असली की पुरते, आजी."

सर्जनच्या मते ते बहुधा पोटातच झालं असावं. माझ्यावर कुणी बोट ठेवलं नाही. पण आता मुलगा झाला की मी खुणेवर थांबत नाही. कागदावर लिहिते: दोन्ही गोट्या खाली, मऊ, रंग सारखा, वेळ २.१०.