पोलोच्या फेंडरची कड दुमडताना: तीन कमानी झाल्या, एक बाकी

मंडळी, गाडीला रुंद चाकं लावली आहेत, म्हणून टायर घासू नये यासाठी फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) म्हणजे कमानीची आतली कड वर दुमडतो आहे. आधी कामाची स्थिती. पुढचे दोन्ही फेंडर झाले, मागची डावी कमान झाली, मागची उजवी मुद्दाम मागे ठेवली आहे. कारण शेवटी येईलच.

गाडी पोलो जीटी टीएसआय, चाकणच्या कारखान्यातली. मूळ चाक १५ इंची, ६ इंच रुंद, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे तो आकडा) ४०, त्यावर १८५/६० आर१५ टायर. आता १६ इंची, ७ इंच रुंद, ऑफसेट ३८ आणि टायर २०५/५० आर१६. रिम एक इंचाने रुंद झाल्यामुळे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढले. ऑफसेट २ मिमीने कमी, म्हणून बाहेरच्या बाजूला एकूण १४.७ मिमी आणि आत शॉकअपकडे १०.७ मिमी. टायरचा व्यास ६०३ वरून साधारण ६११ मिमी, म्हणजे फरक दीड टक्क्याच्या आत. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा क्रमांक) ८४ चा ८७ झाला, म्हणजे प्रत्येक टायरला ५०० ऐवजी ५४५ किलो. इथे मूळ आकड्याच्या खाली कुणीही जाऊ नये, टायर कितीही स्वस्त मिळत असला तरी. रिमवरचे आकडे आतल्या बाजूला कोरलेले असतात. कागद-पेन घेऊन एवढा हिशोब चाकं विकत घेण्याआधीच करावा.

टायर घासतो म्हणजे नक्की कुठे घासतो, हे ठरवल्याशिवाय पत्र्याला हात लावला नाही. स्टेशनरीच्या दुकानातली मुलांची क्ले आणली, तिच्या छोट्या गोळ्या कमानीच्या आतल्या कडेला ओळीने चिकटवल्या. मागे तीन जण बसवून, डिकी भरून सोसायटीच्या गतिरोधकांवरून सावकाश गाडी नेली. परत आल्यावर दाबल्या गेलेल्या गोळ्यांवर टायरचे वळ स्पष्ट उमटले होते. पुढे फक्त कमानीच्या माथ्यावर, मागे माथ्यापासून बंपरच्या जोडापर्यंत. आणि मागे जिथे बंपरचा कोपरा कमानीला स्क्रूने अडकवलेला असतो, तिथली गोळी तर कागदासारखी चपटी. पत्रा दुमडून झाला आणि तो स्क्रू-टॅब तसाच राहिला, तर टायर त्यालाच चाटत राहणार. त्यामुळे आधी टॅबचा बंदोबस्त.

पुढचे फेंडर सोपे आहेत. एकेरी पत्रा, बोल्टवर बसवलेला. लायनरचे (कमानीच्या आतल्या प्लास्टिकच्या अस्तराचे) टॉर्क्स स्क्रू काढले, लायनर आत सारला आणि कड वळवली. यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

कड दाबून दुमडणारा रोलर हबवर (चाक ज्यावर बसतं त्या भागावर) बसणारा घेतला. पोलोला स्टड (हबमधून बाहेर आलेले आट्याचे दांडे) नसतात, बोल्ट असतात (१४ मिमी, दीडचा आटा). रोलरची प्लेट अलॉयपेक्षा पातळ असल्याने गाडीचेच बोल्ट लावले तर ते हबच्या मागे जास्त बाहेर येतात आणि आतल्या भागांना लागू शकतात. मी वॉशर घालून लांबी जुळवली आणि हब हाताने पूर्ण फिरवून बघितला. गाडी जॅक स्टँडवर, नुसत्या जॅकवर कधीच नाही. दुसरा जॅक मागच्या बीमखाली लावून चाकाची जागा नेहमीच्या उंचीवर आणली. चाक लोंबकळत ठेवलं तर हब कमानीच्या मानाने खाली जातो, मग रोलर कडांना जास्त दाबतो आणि माथ्याला पोहोचतच नाही.

आता मागची बाजू, खरं काम इथेच आहे. मागे फेंडर वेगळा नसतो. बाहेरचा पत्रा आणि आतल्या चाकघराचा पत्रा कडेवर एकत्र स्पॉट वेल्ड केलेले असतात, आणि त्या सांध्यावर कंपनीचं सीलंट. म्हणून पत्रा दुहेरी, आणि कड वळली की सीलंटला तडा जाणारच. काही जण ग्राइंडरने कडच कापून टाकतात. मला ते अजिबात मान्य नाही. कडेबरोबर वेल्ड जातात, दोन पत्रे सुटे होतात आणि मधल्या पोकळीत पाण्याला रस्ता मोकळा होतो.

रंगाची जाडी आधी मायक्रॉन गेजने तपासली. आकडे शंभर-दीडशेच्या आसपास, म्हणजे कंपनीचाच रंग. पुटी भरलेली कमान असेल तर हा उद्योग करू नका, कितीही तापवली तरी पुटी फुटते. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो, त्यामुळे हीट गनने ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायला तो तयार असतो. इन्फ्रारेड थर्मामीटर एका हातात, हीट गन दुसऱ्या हातात. पहिल्या फेरीत रोलर फक्त टेकवला. मग प्रत्येक फेरीला नॉब थोडा आवळायचा, पुन्हा तापवायचं, पुन्हा या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखं फिरवायचं. करंजीची मुरड घालताना सारण बाहेर येऊ नये म्हणून बोट जसं पुढे सरकत राहतं, तसाच हात चालता ठेवावा लागतो. एका जागी थांबला की बाहेरून लाट दिसते. मी टॉर्च कमानीला लावून तिरप्या उजेडात प्रत्येक फेरीनंतर बघत होतो. कड पूर्ण चपटी केली नाही. क्लेने जेवढी मागितली तेवढीच जागा, सात-आठ मिमी, मिळाल्यावर थांबलो.

वळलेल्या कडेत एक खोबण तयार होते, आणि तिच्यात ओला चिखल बसून राहतो. पुण्याहून ताम्हिणी उतरून कोकणात जाणाऱ्या गाडीला पावसाळ्यात यापेक्षा वाईट जागा नाही. म्हणून तडकलेलं सीलंट खरवडून काढलं, उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्रायमर मारला, खोबण पीयू सीलंटने काठोकाठ भरली आणि ब्रशने पसरवली. वाळल्यावर त्यावर अंडरबॉडी कोटिंग. आतल्या पोकळीत मेण फवारलं. एवढं करायला कड वळवण्यापेक्षा जास्त वेळ गेला, आणि तो द्यायलाच हवा.

चाकं परत बसवताना बोल्ट १२० न्यूटन मीटरला आवळले, थोडं चालवून पुन्हा तपासले. टायर फेंडरच्या रेषेच्या आत आहे. बाहेर डोकावणारं चाक मला दिसायलाही आवडत नाही, शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बदलांच्या बाबतीत कडक आहे.

आता उजवी बाजू. पोलोची पेट्रोलची टोपी उजवीकडे, आणि टाकीकडे जाणारा पाइप मागच्या उजव्या लायनरच्या मागूनच उतरतो. तिथे हीट गन नेणार नाही. उकळत्या पाण्यात भिजवलेले जाड टॉवेल कमानीवर गुंडाळून पत्रा किती तापतो, ते आधी डाव्या बाजूच्या झालेल्या कमानीवर मोजतो आहे. टॉवेल लगेच बदलत राहिलं तर साठ अंशांपर्यंत पोहोचायला हरकत नाही. कुणी हा प्रकार केला असेल तर टॉवेल काढल्यानंतर पत्रा किती वेळ गरम राहतो तेवढं जरूर कळवा, रोलरच्या फेऱ्या त्या हिशोबाने लहान करीन.